सिंहाच्या पंजांचा टब

"आई, आपण बाथरूम व्हिंटेज करतोय," असं मुलगा म्हणाला तेव्हा मी दाणे भाजत होते. मी म्हटलं, "कर बाबा, पण आधी तो गळका नळ बघ." व्हिंटेज म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. आमच्या घरात तेव्हा रोज एक नवा इंग्रजी शब्द मुक्कामाला यायचा. त्यातलाच हा एक, असं समजून मी कढई हलवत राहिले. चूक झाली. गॅस बंद करून त्याला तिथेच समोर बसवायला हवं होतं.

दोन दिवसांनी कळलं ते असं की, आमची जुनी बाथरूम पाडायची आणि तिच्या जागी तिच्याहून जुनी दिसणारी नवी बाथरूम बांधायची.

"जुनं पाडून जुनं बांधायचं?" मी विचारलं.

"जुनं नाही गं आई, जुन्यासारखं. त्याला एक कॅरॅक्टर असतं. आपली आत्ताची बाथरूम एकदम नाइन्टीजमधली वाटते."

"वाटते म्हणजे? तेव्हाचीच आहे ती. तूच करायला लावलीस."

त्यावर तो हसला. मला काही हसू आलं नाही.

घर म्हणजे आमचं कर्वेनगरमधलं बैठं घर. चार खोल्या, पुढे पेरू, मागे कपडे वाळत घालायची जागा. प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि नातेवाईक विचारायचे, एवढ्या लांब जाऊन कोल्ह्यांशी गप्पा मारणार का? हे हडपसरला एका कारखान्यात फिटर होते. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी सायकलने आणि पुढे दोन बस बदलून जायचे. बांधकाम चालू होतं तेव्हा रविवारी भिंतींवर पाणी मारायला आम्ही दोघं डबा घेऊन यायचो. या घराला कोणी बंगला म्हटल्याचंसुद्धा मला आठवत नाही. आता मुलगा आणि सून त्याला कॉटेज म्हणायला लागले. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीने त्यांना तीन वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे कुठल्याशा खेड्यात ते सुट्टीला एका कॉटेजमध्ये राहिले आणि तिथली बाथरूम त्यांच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. परत आल्यावर ते हिंजवडीजवळ फ्लॅट घेतील असं मी धरून चालले होते. पण ते आमच्याकडेच राहायला आले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हणून सुरुवातीला मी बरंच मुकाट्याने ऐकून घेतलं.

एका शनिवारी त्याने मला लॅपटॉपवर चित्रं दाखवली. खाली काळेपांढरे गुळगुळीत चौकोन. पितळी नळ. भिंतीवर उंच टांगलेली टाकी आणि फ्लशसाठी तिची लोंबती साखळी. कोपऱ्यात शोभेला तांब्याचा बंब. आणि बरोबर मधोमध, सिंहाच्या चार पंजांवर उभा असलेला एक पांढराशुभ्र टब, माझ्या कमरेला लागेल एवढा उंच.

ती साखळी आणि तो बंब पाहून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे दोन्ही आमच्याकडे होतं! साखळीचा फ्लश होता, तांब्याचा बंब होता, खाली शहाबादी फरशी होती, कपडे आपटायला दगड होता. बंब तर माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. त्यावर माझं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं ठोक्यांनी कोरलेली. सकाळी त्यात करवंट्या घालून पेटवायचा, की आंघोळीचं पाणी आठ वाजेपर्यंत कढत. हे सगळं कोणी काढायला लावलं? याच चिरंजीवांनी. तेव्हा कॉलेजात होते. टीव्हीवर नवी नवी चॅनेलं सुरू झाली होती आणि त्यांवर रोज कोणीतरी चकचकीत बाथरूममध्ये गाणं म्हणत आंघोळ करायचं. याचे मित्र घरी येणार म्हटलं की याला त्या बंबाची लाज वाटायची. "धूर येतो, कपड्यांना वास लागतो, कोणाच्या घरी असतं का आता हे?" असं म्हणून म्हणून त्याने जीव नको केला. शेवटी मीच बंब मोडीत घातला. नावांसकट. दुकानदाराने हातोडीने तो माझ्यासमोर चेपला, वजन करायला सोपा पडावा म्हणून. मग गुलाबी टाइल्स आल्या, चार टाइल्सआड हंसांची एक जोडी. गीझर आला. शॉवरही आला, त्यातून आजवर धड पाणी पडलेलं नाही.

आणि आता हा मला सांगतो, बंबाला कॅरॅक्टर असतं!

"तुझं कॅरॅक्टर मी मोडीत घालून आले, बारा वर्षांपूर्वी," मी म्हटलं. सून फिस्सकन हसली. गुणी पोर आहे, तिचं मला काही वाईट वाटत नाही.

पण बंबासाठी मी भांडले नसते. असल्या गोष्टींवर मी दोन दिवस फणफणते आणि सोडून देते. माझा खरा संताप वेगळ्या गोष्टीचा होता, आणि तो सांगायचा तर ह्यांच्याबद्दल सांगावं लागेल.

ह्यांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुनी माणसं जास्त झाली. स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे त्याला. स्वेच्छा कोणाची ते कधी कोणी सांगितलं नाही. हे घरी बसले. बसले म्हणजे काय, गल्लीतले सगळे पंप, सगळ्या शिलाई मशिनी, सगळी कुलपं दुरुस्त करत सुटले. असा माणूस एका सकाळी चहाचा कप उचलायला गेला आणि कप हातातून सुटला. अर्धांगाचा झटका. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणंही जवळजवळ गेलं. "हो", "नको", "चहा", "झालं" असे दहाबारा शब्द उरले. शिवी मात्र स्वच्छ यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मी म्हटलं, एरवी कधी तोंडातून निघाली नव्हती ती आता बरी येते!

पहिले चार महिने मी ह्यांना आंघोळ घातली. पाणी घालताना, साबण लावताना हे माझ्याकडे बघायचे नाहीत. समोरच्या टाइलवरच्या हंसांकडे बघत बसायचे. मी उगाच बडबड करायची, भाजी काय केली, शेजारी कोण आलं. हे हंसांकडे बघत राहायचे. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना असं मान खाली घालून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत मला काय व्हायचं ते मी कोणाला सांगितलं नाही, आणि आताही सांगत नाही.

मग एक दिवस ह्यांनी डाव्या हाताने खुणा करून माझ्याकडून खडू मागून घेतला. कपडे घालूनच बाथरूममध्ये स्टुलावर बसले. उठायचा प्रयत्न केला. हात आपोआप भिंतीवर जिथे टेकला तिथे खडूने रेघ मारली. पुन्हा बसले, पुन्हा उठले, पुन्हा रेघ. साबणाकडे हात न्यायचा, रेघ. तोल गेला की हात कुठे जातो, तिथे रेघ. चार दिवस हा उद्योग चालला. गुलाबी टाइल्सवर खडूच्या रेघाच रेघा. पाचव्या दिवशी हडपसरहून ह्यांचा कारखान्यातला जुना सोबती आला. त्याने त्या रेघा पाहिल्या, काही विचारलं नाही. फिटर माणसाला फिटर माणसाचं कळतं. त्याने जी.आय.चा लोखंडी पाइप तिथल्या तिथे मापाने कापला, वाकवला, भिंतीत पक्का बसवला. एक दांडी उभी, एक आडवी. एके ठिकाणी हे मान हलवून "नको, नको" करायला लागले, तर त्याने ती दांडी दोन सूत वर घेतली. दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढ्यासाठी भिंत पुन्हा फोडली. वर सायकलच्या मुठी चढवल्या, हात सटकू नये म्हणून. स्टुलाचे पाय कापून ते ह्यांच्या गुडघ्याच्या मापाचं केलं आणि खाली रबर ठोकलं.

दुसऱ्या दिवशी हे एकटे आंघोळीला गेले. चाळीस मिनिटं लागली. बाहेर आले तेव्हा एका कानामागे साबण तसाच होता. मी तो पुसला नाही.

त्या दिवसापासून रोजची आंघोळ हे एकट्याने करायचे. दिवसभरात ह्यांचं बाकी सगळं मी करायची. गोळ्या मी, बटणं मी, चप्पल मी, पोळीचे तुकडे मी. एवढी एकच गोष्ट ह्यांची स्वतःची होती. मी फक्त काळजी घ्यायची. दाराची आतली कडी मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती, उद्या पडले आणि दार आतून बंद असलं तर काय करायचं? दार नुसतं लोटलेलं असायचं; आम्ही बाकीचे आत गेलो की दाराला बादली लावायचो. मी बाहेर उभी राहून मधूनमधून हाक मारायची, "झालं का हो?" आतून "हूं" आलं की जीव भांड्यात. नाही आलं तर दार ढकलून बघायचं. तीन वर्षं मी ती चाळीस मिनिटं दारात काढली, आणि त्याचा मला अभिमान होता.

तर अशा या बाथरूमच्या मधोमध आमच्या चिरंजीवांना सिंह आणून उभा करायचा होता.

डिझायनर मुलगी आली. चुणचुणीत, बोलायला गोड. एक छोटं यंत्र भिंतीकडे धरायची, समोर लाल ठिपका पडायचा, आणि माप आपोआप वहीत. तिने खोलीची लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. खिडकीची घेतली. ज्या माणसासाठी बाथरूम करायची तो बाहेर आरामखुर्चीत बसून होता, त्याचं कोणी माप घेतलं नाही.

"काकू, हा पाइप सगळ्यात आधी जाईल," ती दांडीवर टिचकी मारत म्हणाली. "फार इंडस्ट्रियल दिसतोय."

"इंडस्ट्रीतल्याच माणसाने लावलाय तो," मी म्हटलं. "आणि तो गेला तर ह्यांनी धरायचं काय? सिंहाची आयाळ?"

तिला काही कळलं नाही. मुलगा घाईघाईने मध्ये पडला. म्हणाला, "आई, बाबांचा विचार केलाय आम्ही. टबमध्ये हँडशॉवर असेल. आणि एक माणूस ठेवू या, रोज सकाळी येईल. बाबांना उचलून टबमध्ये बसवेल, छान आंघोळ घालेल, पुसून बाहेर आणेल. तुलाही आराम. किती वर्षं करणार आहेस तू?"

म्हणजे ह्यांनी चार दिवस रेघा मारून जे परत मिळवलं होतं, ते एका परक्या माणसाच्या हातात द्यायचं. तेही आराम म्हणून! मला भयंकर संताप आला. मी म्हटलं, "तुला रोज सकाळी परक्या माणसाने उघडं करून धुतलेलं चालेल का?"

"आई, प्लीज. ती उभी आहे इथे."

"उभी आहे तर ऐकू दे. तिलाच तर ऐकायला हवं."

ती बिचारी यंत्राचा लाल ठिपका छतावर फिरवत राहिली. जाताना म्हणाली, "काकू, आपण मिडल वे काढू." मी म्हटलं, "बाथरूम सहा बाय सात आहे बाई. त्यात कसला वे काढतेस?"

पुढच्या आठवड्यात बंब आला. जुन्या बाजारातून शोधून आणला म्हणे, घासूनपुसून, लाख लावून. खरंच देखणा होता. मी चष्मा लावून पाहिलं, त्यावर नाव होतं. कोणा तरी बाईचं, ठोक्यांनी कोरलेलं, खाली "लग्नाप्रीत्यर्थ". कोणाच्या तरी लेकाला त्याची लाज वाटली असणार. मी विचारलं, "पाणी तापवायचं यात?" तर सून चाचरत म्हणाली, "नाही आई, त्यात मनी प्लांट ठेवायचाय." मी आत जाऊन डब्यांची झाकणं जोरात लावत बसले. अर्धा तास लावली.

पुढचा शनिवार उजाडला. सोमवारी गवंडी येणार होता. पाडकाम. सकाळी दांडीचा आधार घेऊन हे आंघोळ करून आले, खुर्चीत बसले. मला राहवेना. मुलगा कॉफी पीत पेपर वाचत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ऊठ."

"काय झालं?"

"उजवा हात पुढे कर."

लहानपणची सवय, केला त्याने. मी खांद्यावरचा ह्यांचा पंचा घेतला, त्याचा उजवा हात त्याच्याच पोटाशी आवळला आणि मागे करकचून गाठ मारली. "चल आता. आंघोळ करून दाखव."

"आई, तू वेडी आहेस का?"

"आहे. चल."

सून हसत हसत मागे आली. हे खुर्चीतून मान वळवून बघायला लागले. मी त्याला होता तसा चड्डी-बनियनवर स्टुलावर बसवलं. म्हटलं, "उजव्या पायावर भार द्यायचा नाही. तो पाय तुझा नाही असं समज. आणि दांडीला हात लावायचा नाही. सोमवारी ती नसणारच आहे."

त्याने डाव्या हाताने तांब्या उचलला. अंगावर पाणी ओतलं ते अर्धं दाराबाहेर माझ्या पायांवर. साबण उचलला, तो सटकला, स्टुलामागे गेला. तो घ्यायला वाकला आणि तोल गेला. उजवा हात निघेना, डावा हवेत. सून ओरडली. धाडकन पडणार तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताने दांडी धरली. मुठीवर, बरोबर. धरून तो तसाच अर्धवट लटकून राहिला, पाणी निथळत.

"सोड," मी म्हटलं. "ती नाहीये तिथे."

त्याने सोडली नाही. हळूहळू स्टुलावर बसला. दांडीकडे बघितलं, मग त्या मुठीकडे. मग खाली आडव्या दांडीवर हात नेऊन पाहिला. माझा राग संपला नव्हता, मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी पंचाची गाठ सोडायला लागले.

बाहेर आल्यावर तो डोकं पुसायच्या आधी लॅपटॉप घेऊन ह्यांच्या खुर्चीशी गेला. खाली जमिनीवर बसला, लहानपणी अभ्यास दाखवायला बसायचा तसा. म्हणाला, "बाबा, तुम्हाला विचारायलाच विसरलो मी. काय पाहिजे तुम्हाला बाथरूममध्ये?"

मी मागून लगेच म्हटलं, "ह्यांना काही नकोय. आहे तीच ठेवायची."

ह्यांनी डावा हात वर केला. मला थांब म्हणून.

मग मुलगा एकेक चित्र पुढे सरकवत गेला आणि हे बघत गेले. टब आला. हे "नको" म्हणाले, आणि पाठोपाठ ती स्वच्छ शिवी. मी विजयी मुद्रेने सुनेकडे पाहिलं. काळेपांढरे चौकोन आले. ह्यांनी जमिनीवर बोट घासून दाखवलं, खरखरीत हवी. साखळी आली, त्यावर मान डोलावली, साखळी डाव्या हाताने ओढता येते म्हणून असेल. पितळी नळ गेले, बंब गेला. असं पंधरावीस चित्रांनंतर एक दार आलं. जुन्या पद्धतीचं लाकडी दार, आणि त्याला आतून एक पितळी कडी. जाड, गोल मुठीची.

ह्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

"दार हवंय, बाबा? असं लाकडी?"

"नको."

"मग?"

ह्यांच्या ओठांची ओढाताण झाली. शब्द यायला वेळ लागायचा, आम्ही थांबायचो. "कडी," हे म्हणाले. मग आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "आतून."

मुलाला कळलं नाही. "ती तर तूच काढलीस ना, बाबा पडतील म्हणून?" असं त्याने मलाच विचारलं.

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. कडी काढली तिथे स्क्रूची चार भोकं होती. तीन वर्षं मी रोज चाळीस मिनिटं त्या भोकांसमोर उभी राहत होते. चाळीस मिनिटं ह्या माणसाने अंगावर कपडा नसताना, दार कधी ढकललं जाईल याकडे कान लावून आंघोळ केली होती. कोणाच्या हाकेला "हूं" म्हणायचं राहून जाऊ नये म्हणून तोंडावर पाणी घ्यायचं थांबून. आणि मी परक्या माणसावरून मुलाचा उद्धार करत होते. ह्यांना काय हवंय हे मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मला ठाऊक होतं ना सगळं!

मी स्वतःलाच म्हटलं, घे आता. दुसऱ्यांचे हात बांधायला निघाली होतीस.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी गवंडी आला तो फरशी आणि टाइल्स बदलायला. टब रद्द झाला. डिझायनर मुलीला मुलानेच समजावलं, आणि तिच्याबद्दल चांगलं सांगायचं तर तिने पुन्हा येऊन ह्यांना स्टुलावर बसवून मापं घेतली, लाल ठिपका ह्यांच्या खांद्यावर पाडून. हंस गेले, काळेपांढरे चौकोन आले, खरखरीत. दांडी आहे तिथेच राहिली. तिला पितळी रंग देऊ का असं विचारल्यावर हे "चालेल" म्हणाले. माझी तेवढीही तयारी नव्हती, पण मी तोंड उघडलं नाही. साखळीची टाकीही वर चढली. बंब मी मागच्या अंगणात नेला आणि मनी प्लांट काढून ठेवला.

कडी आणायला मुलगा स्वतः तीन दुकानं फिरला. मग हळूच मला म्हणाला, "आई, अशी एक मिळते, आतून लावली तरी बाहेरून नाण्याने उघडता येते. तीच लावू का? सेफ्टी म्हणून." माझ्या जिभेवर "लाव" आलं होतं. हे खुर्चीतून ऐकत होते. मी म्हटलं, "ज्यांची आंघोळ त्यांना विचार." ह्यांना विचारलं. "नको," हे म्हणाले.

ह्यांनी खडू मागितला. दारापाशी स्टुलावर बसले, मग दांडी धरून उभे राहिले आणि डावा हात जिथे पडला तिथे रेघ मारली. कडी त्या रेघेवर बसवायची. मुलाने स्क्रूड्रायव्हर घेतला. कंपनीत त्याच्या हाताखाली वीस माणसं होती म्हणे, पण स्क्रू पहिल्याच फेऱ्यात तिरका गेला. हे ओरडले. शिवीच, पण इतक्या मायेने की मुलगा हसत सुटला. दुसरा स्क्रू ह्यांनी डाव्या हाताने स्वतः पिळला. पाव तास लागला. आम्ही कोणी मदत केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पंचा खांद्यावर टाकून आत गेले. दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला, खट्ट.

मी दारात उभी होते. आत तांब्या वाजला, पाणी पडलं. मग बराच वेळ काहीच नाही. "झालं का हो?" घशापर्यंत आलं, ते मी गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. पदर तोंडात धरला. पाणी पुन्हा पडलं. आत हे काही तरी पुटपुटत होते, स्वतःशीच, कोणाला उत्तर म्हणून नाही. पन्नास मिनिटं लागली त्या दिवशी.

कडी निघाली. दार उघडलं तर मी समोरच. हे थांबले. भुवया वर केल्या, काय म्हणून.

"काही नाही," मी म्हटलं. "कणीक मळत होते. आत्ताच आले इकडे."

ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात कोरडे ठणठणीत. ह्यांनी ओला पंचा माझ्या खांद्यावर टाकला आणि भिंत धरत धरत खुर्चीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली तेव्हा मी खरोखरच कणीक मळायला बसले. मुद्दाम सैल भिजवली, दोन्ही हात मनगटापर्यंत भरवून घेतले, म्हणजे दाराला लावता येऊ नयेत.